पिशवी पोटातली, परिणाम डोक्यापर्यंत



गोऱ्ह्याचा बैल कसा करतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गोऱ्हा दावणीला ठरत नाही, शिंगं रोखतो, गाय दिसली की दावं तोडतो. पूर्वी त्याला ठेचायचे, आता जनावरांच्या दवाखान्यात चिमटा लावतात. काही महिन्यांत तोच गोऱ्हा मान खाली घालून औताला चालू लागतो. हात लावला तो मांडीत, आणि बदलला तो स्वभाव. स्वभाव तर डोक्यात राहतो. म्हणजे खालच्या ग्रंथीचा आणि डोक्याचा काहीतरी संबंध आहे, हे शेतकऱ्याला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. बाईच्या बाबतीत मात्र हा विचार आपण करत नाही. "लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम हाय?" एवढं म्हणून मोकळ्या होतो.

आम्ही काही डॉक्टर नाही. बचत गटांच्या वह्या तपासत गावोगाव फिरतो. वहीत कर्जाच्या कारणाचा रकाना असतो. पेरणी, शाळेची फी, शेळी घेणे, यांच्या जोडीला तिथे 'दवाखाना' हा शब्द येतो. बाईला बाजूला घेऊन विचारलं की ती हळूच सांगते, पिशवी काढली. वय विचारावं तर पस्तीस, अडतीस. पुढे वर्ष-दोन वर्षांनी त्याच बाईची दुसरी तक्रार कानावर येते. झोप लागत नाही, अंगातून वाफा निघतात, घरात कशासाठी आले तेच आठवत नाही, उगाच रडू येतं. घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलं असेल. पहिली गोष्ट आणि दुसरी गोष्ट एकमेकींना जोडून कोणी पाहत नाही. ती जोडण्यासाठी आज थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात कोंबड्यापासून करू. १८४९ साली जर्मनीतल्या गटिंगेन शहरात अर्नोल्ड बर्टहोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने सहा लहान कोंबड्यांचे वृषण काढले. दोघांना तसंच सोडलं. बाकीच्या चौघांच्या पोटात एक-एक वृषण परत ठेवून दिला, पण जागा बदलून. तसंच सोडलेले दोघे मोठे झाले ते गरीब होऊन. तुरा वाढला नाही, आरवणं नाही, भांडण नाही, कोंबडीकडे पाहणं नाही. उरलेले चौघे मात्र नेहमीसारखे आरवले आणि झुंजलेसुद्धा. मग पोट उघडून पाहिलं, तर त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या होत्या. जुन्या नसांशी मात्र त्याचा संबंध उरलेला नव्हता. याचा अर्थ, त्या ग्रंथीतून काहीतरी रक्तात उतरतं आणि रक्तातून थेट वागण्यापर्यंत पोचतं. या 'काहीतरी'ला नाव मिळायला आणखी छप्पन्न वर्षं लागली. १९०५ साली इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हार्मोन हा शब्द वापरला. मराठी पुस्तकात संप्रेरक म्हणतात. आपण हार्मोनच म्हणू, दवाखान्यात तेच कानावर पडतं.

बायकांच्या पोटातल्या पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन अंडाशय असतात. पिशवी म्हणजे गर्भाशय, बाळ वाढायची जागा. अंडाशय वेगळे. दर महिन्याला बीज तयार करायचं, आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन रक्तात सोडायची, ही त्यांची कामं. पाळी येते ती त्यांच्या हुकमाने. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

आता अंडाशयाचा आणि डोक्याचा संबंध डॉक्टरांनी पहिल्यांदा मानला तो कसा, ते ऐकून संताप येईल. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट बॅटी नावाच्या सर्जनने एका तरुण बाईचे अंडाशय काढले. तिला पाळीच्या वेळी फार त्रास होई, झटके येत. ती वाचली, आणि या ऑपरेशनला बॅटीचं नाव पडलं. त्यानंतर तीसेक वर्षं अमेरिकेत आणि युरोपात हजारो बायकांचे अंडाशय काढले गेले. त्यांतले कितीतरी धडधाकट होते. कारण काय, तर बाई चिडते, रडते, उदास राहते, 'वेड्यासारखं' करते. कित्येक जणी त्या ऑपरेशनमध्येच गेल्या. पिशवीला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याच्यावरूनच 'हिस्टेरिया' हे बाईच्या वेडाचं नाव आलं, आणि पिशवी काढण्याच्या ऑपरेशनचं 'हिस्टेरेक्टॉमी' हे नावही त्याच शब्दावरून. बाईच्या डोक्यात बिघाड दिसला की मूळ तिच्या पोटात शोधायचं, अशी ती रीत होती.

त्याच काळात आपल्या शेजारच्या बुलढाण्यात वाढलेल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांना बॅटीचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण सवाल त्यालाही लागू पडतो. पुरुष चिडतो म्हणून कोणी त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्याचं ऐकिवात नाही.

बॅटीच्या काळातली रीत पुढे बंद पडली, पण एक गोष्ट डॉक्टरांच्या नजरेत भरली होती. अंडाशय गेलेल्या तरुण बायकांना म्हातारपणाआधीच अंगातून वाफा, घाम, झोपमोड, बेचैनी सुरू होत होती. म्हणजे जे बरं करायला काढलं, ते काढल्यामुळेच नवं दुखणं मागे लागत होतं. १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी वेगवेगळं काम करून गरोदर बायकांच्या लघवीतून इस्ट्रोजेन शुद्ध रूपात काढलं. १९४२ मध्ये अमेरिकेत त्याची गोळी बाजारात आली, ती गाभण घोडीच्या मुतापासून बनवलेली. हसू नका, ती गोळी आजही जगात विकली जाते.

तरीही कितीतरी वर्षं समज एकच होता, की हे हार्मोन फक्त लेकरं होण्यापुरतं. डोक्यातलं त्याचं काम उशिरा कळलं. १९९० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्यूवेन आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संशोधक बायकांनी उंदराच्या मादीचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मेंदूत आठवण साठवायला मदत करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. तिथल्या पेशींना झाडासारख्या फांद्या असतात, आणि फांद्यांवर बारीक कोंब. या कोंबांतून एक पेशी दुसरीशी बोलते. उंदरीचं चक्र चार-पाच दिवसांचं. त्या चार-पाच दिवसांत इस्ट्रोजेन वाढलं की कोंब वाढत, उतरलं की कमी होत. अंडाशय काढले तर कोंब झडत, इस्ट्रोजेन दिलं की परत फुटत. पावसाआधीचं आणि पावसानंतरचं झुडूप जसं. मेंदूतला जो भाग अंगाची उष्णता सांभाळतो, त्यालाही या हार्मोनची सवय असते. ते एकदम तुटलं की वाफा येतात त्या म्हणून. बाई नाटक करत नसते.

उंदराचं ठीक आहे, माणसाचं काय? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने याचं उत्तर शोधलं. १९५० ते १९८७ या काळात पाळी सुरू असतानाच ज्यांचा एक किंवा दोन्ही अंडाशय काढले गेले, अशा जवळपास दीड हजार बायका त्यांनी कागदपत्रांतून शोधल्या, आणि तेवढ्याच ऑपरेशन न झालेल्या बायकांशी त्यांची तुलना केली. २००७ साली निकाल छापला. अंडाशय काढलेल्यांमध्ये म्हातारपणी बुद्धी मंदावण्याचा, स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दीडपट दिसला. जितक्या कमी वयात ऑपरेशन, तितका धोका जास्त. आणि एक दिलाशाची गोष्ट. दोन्ही अंडाशय गेल्यावर ज्यांना वयाच्या पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं गेलं, त्यांच्यात हा वाढलेला धोका दिसला नाही.

दीडपट धोका म्हणजे प्रत्येकीला होणारच असं नाही. ज्यांचं ऑपरेशन आधीच झालं आहे त्यांनी आज रात्री झोप घालवू नये.

आयुष्यभरात हे हार्मोन किती वेळा वरखाली होतं ते पाहा. मुलगी वयात येईपर्यंत उदासीचा आजार मुला-मुलींत साधारण सारखाच असतो. वयात आल्यावर मुलींत तो मुलांच्या जवळपास दुप्पट होतो. हे सगळं हार्मोनच्या खात्यावर टाकू नका. त्याच वयात आपल्याकडे मुलीची शाळा सुटते, बाहेर जाणं बंद होतं, लग्नाच्या गोष्टी निघतात. पोट राहिलं की इस्ट्रोजेन कितीतरी पटीने चढतं, आणि वार पडली की चार-दोन दिवसांत धाडकन खाली येतं. पहिल्या आठवड्यात बाळंतिणीला रडू येतं ते त्यामुळे. ते आपोआप ओसरतं. कधी ओसरत नाही. बाळंतीण बडबडते, ओळख विसरते, बाळाला दूर लोटते, तेव्हा जुन्या बाया 'बाळंतवात' म्हणत. त्यांनी आजार बरोबर ओळखला होता. उतारा टाकून तो जात नाही एवढंच, त्याला त्याच दिवशी दवाखाना लागतो.

पण हार्मोन एकटं नसतं, हे आपल्या शेजारच्या गोव्यात दिसलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे २७० गरोदर बायकांशी बोलून, बाळंतपणानंतर पुन्हा त्यांची भेट घेतली. २००२ साली ते छापून आलं. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरात तेवीस जणींना उदासीचा आजार होता. हार्मोन तर सगळ्यांचंच उतरलं होतं. मग आजारी कोण पडल्या? ज्यांच्या घरी ओढगस्त होती, नवऱ्याशी पटत नव्हतं, मारहाण होती. आणि मुलगी झाली की धोका आणखी वाढत होता. मैत्रिणींनो, मुलगी झाल्यावर सासूने तोंड फिरवणं हासुद्धा आजाराचा भाग आहे, असं आता मोठमोठ्या डॉक्टरांच्या मासिकात छापलं गेलं आहे.

मग येते पाळी जाण्याची वेळ. आपल्या देशात ती साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला येते. आपोआप जाते तेव्हा हार्मोन काही वर्षांत हळूहळू उतरतं, मेंदूला सवय करून घ्यायला वेळ मिळतो. ऑपरेशनने दोन्ही अंडाशय काढले तर ते एका दिवसात तुटतं. जिन्याने उतरणं आणि माळ्यावरून पडणं, एवढा फरक. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तरी पाळी जाण्याची अवस्था काही वर्षं अलीकडे येऊ शकते.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या मासिकात ती छापली गेली, आणि जगभरचे डॉक्टर चकित झाले. शंभरात ब्याण्णव जणींना अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीचा त्रास, असा काही ना काही बायकांचा आजार होता. आणि त्याआधी आयुष्यात एकदा तरी तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात आठ. तोवर सरकारला गावची बाई दिसायची ती दोनच वेळा, बाळंतपणाला आणि कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ते ऑपरेशन झालं की आरोग्य खात्याच्या वहीतून तिचं नाव जणू कमीच.

हे मुकं दुखणं औषधगोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं. पुष्कळ ठिकाणी त्याला उत्तर मिळालं ते मात्र कापण्याचं. पांढरं जातं? पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. 'कॅन्सर' हा शब्द ऐकला की बाई मंगळसूत्र गहाण टाकते.

हे सगळ्यात उघडं पडलं ते बीड जिल्ह्यात. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस बुडला की खाडा धरून पैसे कापतात. फडात ना न्हाणी, ना संडास, ना कपडा धुवायला पाणी. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे. डोक्यावर मोळी, त्यात अंगावरून जाणं. अशा बाईला कोणी सांगितलं की कटकट कायमची मिटवतो, तर ती हो म्हणणारच. तिला दोष देणाऱ्याने एक हंगाम कोपीत राहून पाहावं. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशाचा आकडा २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच नोंदला गेला होता. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत तो तीनच्या आसपास आहे.

तेव्हा सगळी चर्चा पिशवीची झाली. अंडाशयाची फार थोडी झाली, आणि डोक्याची तर झालीच नाही. बीडच्या त्या बायका आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्या साठीला पोचतील तेव्हा त्यांचं विसरणं 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून दिलं जाईल, याची आम्हाला भीती वाटते. २०२३ साली देशभरच्या पाहणीचे आकडे आले. साठीपुढच्या शंभर माणसांत सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शाळा न शिकलेल्यांत जास्त. आपल्या मानोरा-मंगरूळपीरकडच्या तांड्यांवरून आणि इतर गावांतूनही दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर जातात. बीड काही लांब नाही.

इथे कोणी म्हणेल, मग साठीच्या आज्जीलाही इस्ट्रोजेनची गोळी देऊ या. थांबा. अमेरिकेत तेही करून झालं. पासष्टीपुढच्या साडेचार हजार बायकांना हार्मोनची किंवा खोटी गोळी देऊन काही वर्षं पाहिलं. २००३ साली निकाल आला. हार्मोन घेणाऱ्यांमध्ये ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये २१ जणींना. म्हणजे उलटंच झालं. ज्या वयात अंगात हार्मोन असायला हवं, त्या वयात ते तुटलं तर भरून काढायचं, ही एक गोष्ट. वय उलटून गेल्यावर नव्याने सुरू करायचं, ही अगदी वेगळी. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गाठी होत असतील, तर बहुतेक वेळा हार्मोन चालतच नाही. म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी आणायची नाही.

पिशवी कधीच काढू नये, असं आमचं म्हणणं नाही. कॅन्सर निघाला, मोठ्या गाठींमुळे रक्त थांबेना, अंग बाहेर आलं, तर ऑपरेशन जीव वाचवतं. पण त्याआधी विचारायच्या गोष्टी आहेत. पांढऱ्या पाण्यावर औषधाचा कोर्स झाला का? गर्भाशयाच्या तोंडाची कॅन्सरची तपासणी केली का? जास्त रक्त जात असेल तर गोळ्या किंवा हार्मोन असलेली तांबी चालेल का? आणि काढायचीच असेल, तर अंडाशय ठेवता येतील का? दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला आता जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. २०२४ पासून वाशीमलाच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

कायद्याची बाजूही ऐकून ठेवा. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमध्ये अशीच नको ती ऑपरेशनं झाली, म्हणून डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्र सरकारने २०२२ मध्ये यासाठी नियम काढले, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सगळ्या राज्यांना ते तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. कोणत्या वयाच्या बाईची पिशवी कोणत्या कारणाने काढली, यावर लक्ष ठेवायला राज्यात आणि जिल्ह्यात समिती असावी, असं त्यात आहे. आपल्या जिल्ह्याची समिती कधी बसते आणि काय पाहते, हे ग्रामसंघाचा ठराव करून जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारता येतं.

ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी घरी जाऊन ट्रंकेतलं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर इंग्रजीत ऑपरेशनचं नाव असतं. 'टी.ए.एच.' किंवा 'व्ही.एच.' लिहिलं असेल तर पिशवी काढली आहे. पुढे 'बी.एस.ओ.' ही अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशयही गेले आहेत. वाचता येत नसेल तर आशाताईला किंवा शिकत्या लेकीला दाखवा. बी.एस.ओ. असेल आणि वय अजून पन्नाशीच्या आत असेल, तर ते कार्ड घेऊन सरकारी दवाखान्यात बायकांच्या डॉक्टरला भेटा आणि हार्मोनबद्दल, हाडांच्या कॅल्शियमबद्दल स्पष्ट विचारा. बीपी आणि शुगर तपासून घ्या, ती वाढलेली असली तर स्मरणशक्तीला तीही नडते. मन फार खचलं असेल, झोप नसेल, तर १४४१६ हा सरकारचा 'टेली मानस' नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. पुढच्या महिन्याच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकासोबत ते कार्डही घेऊन या. आम्ही अक्षरं लावून देऊ.